श्रोते आले होते

तुमच्या व्याख्यानमाला समितीच्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे आलं. सल्लागार म्हणून माझं नाव तुम्ही पत्रिकेवर छापता, म्हणून ते मी शेवटपर्यंत वाचलं. त्यातला एक ठराव असा आहे: आशियाई कला व संस्कृती या विषयावरील व्याख्यानास अल्प प्रतिसाद मिळाल्याने यापुढे असा विषय घेऊ नये, त्याऐवजी सर्वांना रुचेल असा वक्ता बोलवावा. खाली सगळ्यांच्या सह्या. त्यातल्या बऱ्याच सह्या मी न वाचता ओळखतो, कारण ती अक्षरं माझ्याच वर्गात वळणावर आली.

तुम्ही आता मुख्याध्यापक आहात, वकील आहात, दवाखाने आणि दुकानं चालवता. बाकावर उभं करून बोलण्याचं तुमचं वय गेलं. तरी मी बोलणार आहे आणि छापून बोलणार आहे, कारण चूक भरसभेत झाली आणि तिचं खापर तुम्ही यवतमाळच्या लोकांवर फोडलं.

तो ठराव खोटा आहे. मी त्या संध्याकाळी सभागृहात होतो, पत्रिकेवरच्या वेळेआधी आलो होतो आणि माझ्याही आधी माणसं येऊन बसली होती. नेरच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक एसटीने आला होता, हातात कोरी वही. विहाराच्या महिला मंडळातल्या बाया होत्या, सोबत कॉलेजात शिकणाऱ्या मुली. लोहाऱ्याकडचे दोन वयस्कर शेतकरी होते. देवळाच्या दगडांबद्दल काहीतरी कळेल म्हणून आलो, असं त्यांनी मला सांगितलं. लोक आले होते. त्यांना ऐकू दिलं नाही, ते तुम्ही.

सहाची वेळ दिली होती. एक मान्यवर यायचे होते म्हणून तुम्ही सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, देणगीदारांचे सत्कार, प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला श्रीफळ, प्रत्येकाबरोबर फोटो. पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून धामणगावला उतरलेल्या आणि तिथून गाडीने इथवर आलेल्या व्याख्यात्या बाई मंचावर कडेच्या खुर्चीत बसून हे पाहत होत्या. त्यांच्या हाती माईक आला तेव्हा आठ वाजत आले होते. नेरचा तो शिक्षक त्याआधीच उठला होता. त्याची शेवटची गाडी होती. वही कोरीच घेऊन तो गेला. तुमच्यापैकी एकालाही ते दिसलं नाही, कारण तुम्ही सगळे मंचावर होतात आणि तुमचं तोंड फोटोवाल्याकडे होतं.

पुढचं आणखी वाईट. प्रोजेक्टर दुपारी लावून पाहिला नव्हता. वायर अपुरी पडली. पडद्यावरच्या ट्यूबलाइट कुणी बंद केल्या नाहीत, कारण बटण कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस जेवणाची व्यवस्था पाहायला गेला होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, ज्याच्या खांद्याच्या एका रेषेवर बाई दहा मिनिटं बोलू शकल्या असत्या, तो त्या उजेडात राखाडी डागासारखा दिसत होता. चित्रांवरचं व्याख्यान तुम्ही चित्रांशिवाय करायला लावलं. अर्ध्या तासाने त्यांच्या हाती चिठ्ठी दिलीत, आवरतं घ्यावं. आणि आता लिहिता, प्रतिसाद अल्प. वखरणी न करता सरकी टोबायची आणि उगवली नाही की बियाण्याला नाव ठेवायचं, असला शेतकरी आपल्या जिल्ह्यात कुणी पाहिला आहे का?

बैठकीत एकजण म्हणाला म्हणे, की हा विषय पुण्या-मुंबईचा आहे, आपल्या इकडचा नाही. कोण म्हणालं ते मी विचारत नाही. पण ज्याने हे म्हटलं त्याने आपल्या गावाची सगळी कमाई एका वाक्यात फेकून दिली, आणि बाकीचे मान डोलावत बसले. म्हणून आता नीट ऐका.

य. खु. देशपांडे हे नाव तुम्ही ऐकलं आहे का? यवतमाळचे. पेशाने वकील, ओढा संशोधनाचा. शारदाश्रम ही संशोधनसंस्था त्यांनी याच गावात चालवली. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांत बंद असलेल्या पोथ्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक लिहिलं. तेव्हा इथून मुंबईच्या गाडीला जोडून घ्यायचं तर कापसासाठी बांधलेली शकुंतला धरून मूर्तिजापूर गाठायचं, अशी सोय होती. त्यांनी कधी आपण आडबाजूला राहतो अशी सबब सांगितली नाही.

१९३९ साली वाशिमच्या एका शास्त्र्यांकडे असलेला एक ताम्रपट याच देशपांड्यांनी डॉ. महाजनांच्या सोबतीने विद्वानांपुढे ठेवला. दानपत्र होतं. नांदेडच्या उत्तरेकडच्या भागातलं एक गाव ब्राह्मणांना दिल्याची नोंद. वंशावळ संस्कृतात, पुढचा व्यवहार प्राकृतात. दान देणारा राजा दुसरा विंध्यशक्ती, त्याचा बाप सर्वसेन, आजा पहिला प्रवरसेन. दान दिलं ते वत्सगुल्म नगरातून. वत्सगुल्म म्हणजे वाशिम, आपल्या जिल्ह्याची पश्चिमेची हद्द ओलांडली की लागणारं वाशिम. वाकाटक राजघराण्याची एक स्वतंत्र शाखा तिथून राज्य करत होती, हे त्या पत्र्यांनी पहिल्यांदा उजेडात आणलं.

आता अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याकडे या. त्याच्या भिंतीवर वराहदेव नावाच्या मंत्र्याचा शिलालेख आहे. त्यात त्याच्या धन्याची, हरिषेण राजाची वंशावळ आहे. अक्षरं झिजलेली. एकोणिसाव्या शतकात ब्यूलर या अभ्यासकाने तो वाचला तेव्हा एका ठिकाणी त्याला ‘रुद्रसेन’ असं नाव दिसलं आणि सगळा वंश वाकाटकांच्या थोरल्या शाखेला जोडला गेला. वाशिमचा ताम्रपट हाती आल्यावर नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती झिजलेली अक्षरं पुन्हा तपासली आणि ते नाव ‘सर्वसेन’ आहे हे दाखवून दिलं. वंश फिरला. सोळावं लेणं ज्याच्या मंत्र्याने कोरवलं आणि सतरावं ज्याच्या मांडलिकाने, तो हरिषेण वाशिमच्या शाखेचा राजा ठरला. मिराशींनी वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून १९६३ साली जाडजूड ग्रंथ काढला, मराठीतही त्यांच्यावर लिहिलं. वाशिमजवळच्या हिस्सेबोराळ्याला हरिषेणाचा बाप देवसेन याच्या वेळचा लेखही सापडला आहे. शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८. सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची त्यात नोंद आहे.

जगभरातले अभ्यासक आज अजिंठ्यावर बोलतात तेव्हा त्यांच्या पायाखाली ही ओळ असते आणि त्या ओळीत यवतमाळच्या एका वकिलाचा हात आहे. बाईंना हे ठाऊक होतं. त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत शारदाश्रमाचं नाव घेतलं. मी मंचाकडे पाहिलं. तुमच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. मला त्या क्षणी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

विषय आपला नाही म्हणता? अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलावदानाचं मोठं चित्र आहे. समुद्र ओलांडून लंकेवर चाललेली फौज, नावांत उभे हत्ती. त्याच शतकात तिकडे लंकेत काश्यप राजाने सिगिरियाच्या कड्यावर चित्रं काढवली. दोन्हीकडचे रंग आणि वळणं शेजारी ठेवून पाहिली तर माणूस रात्रभर बोलत राहील. आणि १९४३ साली भारत सरकारचा प्रतिनिधी म्हणून त्या लंकेत कोण गेलं होतं? वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे. त्यांच्या पुतळ्याला हार घालता. मग त्यांनी जिथे काम केलं त्या देशाच्या भिंतींवर काय रंगवलंय, याची उत्सुकता एकालाही का वाटू नये?

आपल्या जिल्ह्यात गावोगावी विहारं आहेत. विदर्भातल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. कामठीचं ड्रॅगन पॅलेस तर जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने १९९९ मध्ये उभं राहिलं. महिला मंडळातल्या ज्या बायांचा मी उल्लेख केला, त्यांच्यातल्या एकीने मला नंतर विचारलं, की आमच्या मूर्तीच्या डोक्यावर ज्योत का आहे, अजिंठ्याच्या बुद्धाला तर नाही. तिला उत्तर हवं होतं. ती रोज त्या मूर्तीपुढे बसते. सुखोथाई काळातल्या थाई शिल्पकारांनी बुद्धाच्या उष्णीषावर ज्वाला उंच केली, त्याचा देह सलग वाहत्या रेषेत घडवला, त्याला चालता केला. चालणारा बुद्ध ही त्यांची स्वतःची देणगी. उजवा हात गुडघ्यावरून जमिनीकडे येतो ती भूमिस्पर्शमुद्रा त्यांना इतकी प्रिय झाली, की त्या देशातल्या बहुतेक बसलेल्या मूर्ती तशाच दिसतात. हे बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं असतं. तुम्ही प्रश्नोत्तरं रद्द केली, कारण भाजी थंड होत होती.

चतुर्थीला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाता ना? जावातल्या बारा गावी एक गणपती आहे, १२३९ सालचा, कवट्यांच्या आसनावर बसलेला, पाठीमागे राक्षसमुख कोरलेला. तोही गणपतीच. त्याच्या हातात तीच आयुधं का, आणि आसन इतकं वेगळं का, हा प्रश्न कळंबला जाणाऱ्या माणसाला रुचणार नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही विचारून पाहिलं होतं का? ‘सर्वांना रुचेल’ हे शब्द लिहिण्याआधी किती जणांशी बोललात?

आभार मानायला उठलेल्या तुमच्या कार्यवाहाबद्दलही बोलतो. ऐक, बाबा, तू माझा हुशार विद्यार्थी होतास. व्याख्यान तू ऐकलं नव्हतंस, मधला सगळा वेळ फोनवर बाहेर होतास. आणि आत येऊन माईक धरून म्हणालास, की सगळ्या आशियाने कला आपल्याकडूनच उचलली, बाकी सगळे नकलाकार. टाळ्या पडल्या. व्याख्यानभर बाईंनी जे मांडलं होतं त्याच्या बरोबर उलटं तू बोललास, त्यांच्यासमोर बोललास, आणि वर त्यांचे आभार मानलेस.

अजिंठ्याच्या चित्रांतला तो गडद निळा रंग कशाचा आहे, सांगशील? लाजवर्द. तो दगड या मातीत मिळत नाही, तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून यायचा. पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या घातलेली, दाढीवाली, पायमोजे चढवलेली परकी माणसं बसलेली आहेत. आपल्या चित्रकाराने ती पाहिली होती, त्यांच्या कपड्यांच्या चुण्यांसकट. म्हणजे वाशिमच्या राजाच्या काळात इथला कलावंत दूरदेशीचा रंग वापरत होता आणि दूरदेशीची माणसं रंगवत होता. इथून जे गेलं ते बामियान, किझिल, दुनहुआंग असा मुक्काम करत गेलं आणि प्रत्येक मुक्कामी तिथल्या हातांनी ते बदललं. जपानच्या होर्यूजी मंदिरातल्या भिंतीवरचे बोधिसत्त्व पाहिले की अजिंठ्याची आठवण येते, हे खरं. पण ती लोखंडी तारेसारखी एकसारख्या जाडीची रेषा अजिंठ्याची नाही, ती चीनमार्गे तिथे पोचली. नक्कल म्हणून तो विषय संपत नाही. तिथेच सुरू होतो.

जपानी चित्रकार अराई काम्पो १९१६ साली रवींद्रनाथांकडे कलकत्त्याला आले. पुढे अजिंठ्यात राहून त्यांनी सोबत्यांसह तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. म्हातारपणी १९४० पासून ते होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते, १९४५ मध्ये ते वारले तेव्हाही ते काम चालूच होतं. २६ जानेवारी १९४९ ला त्या मंदिरात आग लागली आणि मूळ चित्रं होरपळली. एका माणसाने आयुष्यभर दोन देशांच्या भिंतींसमोर बसून, बोटभर बोटभर पाहून, दोन्हींचा मान राखला. त्याच्यापुढे तुझं ते ‘नकलाकार’ हे वाक्य उच्चारायची तुझी हिंमत झाली असती का? घराण्याचा अभिमान हवा तर घराण्याची कागदपत्रं आधी वाचावी लागतात. देशपांड्यांनी वाचली होती.

तुम्ही म्हणाल, सर, गर्दी लागते, देणगीदार गर्दी पाहून पैसे देतात. ही अडचण मी मानतो. छोट्या गावात व्याख्यानमाला चालवणं कष्टाचं आहे, सभागृहाचं भाडं आहे, पाहुण्यांचा प्रवास आहे, आणि तुम्ही पदरचे पैसेही घालता हे मला माहीत आहे. पण याच गावाने १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन केलं आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे अध्यक्ष असताना पुन्हा केलं. माणसं जमवण्याची ताकद या गावात नाही असं मला सांगू नका. ताकद आहे, ती तुम्ही सत्कारावर घालवता. पुण्यात रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला उभी केली तेव्हा लोकांनी ऐकावं, प्रश्न विचारावेत, घरी जाऊन वाद घालावेत, यासाठी केली. आपण तिचं नाव घेतो आणि तिच्यातला श्रोता काढून टाकतो.

विनोदी वक्ता आणायचा असेल तर आणा, माझी ना नाही. पण ठरावातलं ते वाक्य रद्द करा. रद्द करताना कारण लिहा आणि खरं कारण लिहा: आयोजनात आमची कुचराई झाली. ज्या शाळेत मी शिकवलं तिथे चूक खोडून सुधारायची रीत होती, झाकायची नव्हती.

आता काय करायचं ते सांगतो.

बाईंना पत्र पाठवा. छापील नको, हाताने लिहिलेलं. क्षमा मागा आणि दोन दिवसांसाठी पुन्हा बोलवा. पहिल्या दिवशी सभागृहात काही नको, त्यांना लोहाऱ्याच्या कमलेश्वराला घेऊन जा, सकाळच्या उन्हात, जेव्हा दगडावरचं कोरीव काम उठून दिसतं. त्या दोन शेतकऱ्यांना बोलवा, शाळेची मुलं बोलवा आणि देवळाच्या ओट्यावर बोलू द्या. माईकची गरज नाही. हेमाडपंती दगड चुन्याशिवाय एकमेकांवर कसे बसतात हे तिथे हात लावून कळतं, सभागृहात कळत नाही. दुसऱ्या दिवशी चित्रांचं व्याख्यान. दीड तास सलग त्यांचा, अर्धा तास प्रश्नांचा. मंचावर एक खुर्ची, एक टेबल, पाण्याचा तांब्या. तुम्ही सगळे खाली, मागच्या रांगेत. समोरच्या रांगा मुलांच्या आणि विहारातल्या बायांच्या. सत्कार करायचाच असेल तर संपल्यावर, ज्याला थांबायचं तो थांबेल.

पडदा दुपारी अंधार करून तपासा. ज्याला दिव्यांची बटणं ठाऊक आहेत तो माणूस जागेवरून हलणार नाही. परिचय करून देणाऱ्याने मिराशींचं वाकाटकांवरचं मराठी पुस्तक ग्रंथालयातून काढून आधी वाचावं, निदान वत्सगुल्म शाखेचं प्रकरण तरी. वाचलं नसेल तर त्याने परिचय करू नये, नाव आणि गाव सांगून खाली बसावं. व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक शाळेच्या चित्रकलेच्या तासाला पद्मपाणी, सिगिरिया, होर्यूजी आणि सुखोथाईचा चालता बुद्ध अशी चार चित्रं भिंतीवर लावा. मुलांना त्यांची रेषा काढायला सांगा. ज्याने ती रेषा काढून पाहिली आहे तो व्याख्यानात जांभई देणार नाही, हे मी वर्गात आयुष्य घालवून सांगतो. आणि एक बस करून पुसदवरून वाशिमला जाऊन या, समितीतल्या सगळ्यांनी, बायकामुलांसह. हरिषेणाच्या राजधानीत उभं राहून परत आल्याशिवाय पुढची पत्रिका छापू नका.

कार्यवाहा, तुझं काम वेगळं. नेरच्या त्या शिक्षकाला शोधून काढ. त्याच्या घरी जा, त्याची वाया गेलेली संध्याकाळ मान्य कर आणि त्याला पहिल्या रांगेतली जागा दे. त्याआधी बसस्थानकावर जाऊन नेर, दारव्हा, आर्णी, राळेगाव, पांढरकवडा या गावांच्या शेवटच्या गाड्या किती वाजता सुटतात ते लिहून आण, आणि कार्यक्रमाची वेळ त्या कागदावरून ठरव.